पंचा पिळून दाखव

माणसाची परीक्षा कोणी बोलण्यावरून घेतं, कोणी चपलांवरून. अक्का ओल्या पंच्यावरून घ्यायच्या.

माझी धुळ्याला बदली झाली, बायकोमुलं जळगावातच राहिली आणि मी एकट्यापुरती खोली शोधत देवपुरात अक्कांच्या दारात जाऊन उभा राहिलो. नोकरी कुठे, जेवणाचं काय, पाहुणे किती, सगळी उत्तरं तयार ठेवली होती. अक्कांनी यातलं काहीही विचारलं नाही. बादलीत बुडवलेला एक पंचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पिळून दाखव."

मी त्रेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, कचेरीत हाताखाली तीन माणसं. अंगणात उभं राहून पंचा पिळला. चांगला पिळला असं माझं मत होतं. अक्कांनी तो माझ्याकडून घेतला, एकच पीळ दिला आणि त्यातून अर्धा तांब्या पाणी निघालं. ते माझ्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडलं.

"हाई काय पिळनं शे? पंचा तुना नावनं रडी ऱ्हायना!"

अक्का एरवी भाडेकरूंशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायच्या. अहिराणी त्या दोनच प्रसंगी काढायच्या : रागावल्या की आणि घाबरल्या की. रागाची अहिराणी मी जवळजवळ रोज ऐकली. घाबरल्याची एकदाच.

खोली मला मिळाली, पण ती गुणांवर नाही. माझ्या आधी आलेल्या गृहस्थांनी पिळण्याच्या भरात बादली उलटी केली होती म्हणे. त्यांच्या मानाने मी बरा. "ज्याला पिळता येत नाही त्याचे कपडे दोरीवर ठिबकतात," अक्कांनी मला नियम समजावला. "ठिबकलं की शेवाळ. शेवाळ झालं की मी घसरणार. मी घसरले की तू खोली सोडून पळणार. मग आधीच बघितलेलं काय वाईट?" आणि वर, "तोंड खोटं बोलतं रे. मनगट नाही बोलत."

अक्का तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. उंची बेताची, आवाज बेताच्या बाहेर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक सुरतेला. हाताची बोटं हेच त्यांचं उरलेलं सासर होतं. म्हणजे त्यांनी बोटांना खरोखरच नाती लावली होती. अंगठा म्हणजे सासू : सगळ्यांपासून फटकून राहते, पण तिच्याशिवाय पान हलत नाही. पहिलं बोट मोठी जाऊ, कारण ती सदा कोणाकडे तरी रोखलेली. मधलं बोट त्या स्वतः. चौथं म्हणजे धाकटी जाऊ. "ती अर्धी माझ्या बाजूला, अर्धी नणंदेच्या." आणि करंगळी ही नणंद. "काम शून्य. पण जरा ठेच लागू दे, साऱ्या घराला कळेल."

यातली धाकटी जाऊ सकाळच्या वेळी अडून बसायची. अक्कांनी मूठ मिटली की चौथं बोट मिटलेलंच राही, मग दुसऱ्या हाताने सोडवलं की टक् आवाज करून उघडे. गल्लीतली पोरं शाळेला जाताना ते ऐकायला थांबत. अक्का त्यावर कौल देत. आज गणिताचा पेपर सोपा जाईल का? मूठ मिटायची. बोट आपणहून उघडलं तर सोपा, टक् झालं तर अवघड. पोरांचा या बोटावर शिक्षकांपेक्षा जास्त विश्वास होता.

त्यांची दुसरी सवय पहाटेची. तुळशीपाशी उभ्या राहून त्या उजवा हात जोरजोरात झटकायच्या, जसं काही हातावरचं पाणी उडवतायत. मला वाटलं हा काहीतरी जुना योगाचा प्रकार असणार. त्यांची तब्येत बघून मीही खोलीत तीन दिवस पहाटे हात झटकले. चौथ्या दिवशी खांदा धरला.

वैद्यकी हा तर त्यांचा आवडता प्रांत. आंबेहळद, तुरटी, एरंडाचं तापवलेलं पान, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, यांतलं काहीतरी गल्लीतल्या प्रत्येक मनगटावर कधी ना कधी बांधलं गेलेलं. आमच्या पोस्टमनभाऊंच्या मनगटावर बोराएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, नुसती होती. अक्का म्हणाल्या, "जाड पुस्तक मारलं की बसते." घरात जाड पुस्तक नव्हतं. माझ्या खोलीत कचेरीच्या नियमांचं एक होतं, जे मी नोकरीला लागल्यापासून उघडलं नव्हतं. अक्कांनी ते आणलं, पोस्टमनभाऊंचा हात ओट्यावर ठेवला आणि त्यांनी "अक्का, राहू द्या" यातलं "अक्का" म्हणेपर्यंत हाणलं. गाठ तिथेच राहिली. पोस्टमनभाऊ मात्र त्यानंतर आमची पत्रं शेजारच्या घरात टाकू लागले.

पण अक्कांची खरी ओळख या सगळ्यात नव्हती. ती मांड्यात होती.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि आमरसाबरोबर मांडे होतात. चुलीवर खापर पालथं घालायचं, आणि पुरण भरलेला गोळा पोळपाटावर न लाटता हातावर फिरवत फिरवत वाढवायचा. दोन्ही मनगटांवर, कोपरापर्यंत, पार पंच्याएवढा. मग एका झटक्यात तापल्या खापरावर. फाटला तर सगळं पुरण विस्तवात. अक्कांचा मांडा पलीकडचा माणूस ओळखू यावा इतका पातळ व्हायचा. पीठ किती ताणायचं हे डोळ्यांनी कळत नाही, बोटांनी कळतं, असं त्या म्हणायच्या. पिठाच्या परातीला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पोटच्या लेकीलाही नाही.

आखाजीला अडीचेक महिने असताना एका रविवारी त्यांनी खापर तापवून बघितलं. मी ओट्यावर बसून मोबाइलवर बोट फिरवत होतो. एकदम जळका वास आला. बघतो तर अक्कांचं पहिलं बोट खापराच्या कडेला टेकलेलं आणि अक्का निवांत माझ्याकडे बघून काहीतरी सांगतायत.

"अक्का, बोट!"

त्यांनी हात उचलला आणि त्या बोटाकडे असं बघितलं, जसं ते शेजारणीचं आहे. फोड आला होता. त्यांना काही कळलंच नव्हतं.

त्यांनी चूल विझवली. मग म्हणाल्या, "कोणाला सांगशील तर बघ." तीन-चार बोटं वर्षभर बधिर होती. पहाटे हातात इतक्या मुंग्या यायच्या की उठून झटकावा लागायचा. माझा तो योग हाच. ब्लाउजचे हूक लागत नव्हते. लेकीला यातलं कळलं तर ती आखाजीला येईल ती आईला घेऊनच जाईल. "सुरतेला सातव्या मजल्यावर राहते ती. तिथे मला खापर तापवू देतील का? आणि खापर नाही तर मी तिथे करू काय? लिफ्ट मोजू?"

"मग डॉक्टरांकडे चला."

"मी गेले की गावाला कळेल. तू जा."

"मी जाऊन काय होणार?"

"माझं दुखणं तुझं म्हणून सांग. काय करायचं ते विचारून ये, मी करते. तुझाही अंगठा दुखतोय ना? लपवतोस, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोस. एका फेरीत दोन्ही होईल."

नाही म्हणणारा माणूस असतो तर मी नोकरीत इतका मागे राहिलो नसतो. मी गेलो.

हाताचे डॉक्टर शिरपूरकडचे, तरुण. हसायचे नाहीत, एवढीच त्यांची खोड. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं : मुंग्या, पहाटे झटकणं, बटण हाताला न लागणं.

"करंगळीला येतात मुंग्या?"

हा प्रश्न अक्कांनी करून घेतला नव्हता. न येणाऱ्या प्रश्नाला भरघोस उत्तर लिहावं ही माझी शाळेपासूनची सवय. म्हटलं, "करंगळीला तर विचारूच नका."

डॉक्टरांनी मनगट सोडलं आणि ते कोपराकडे गेले. तिथे ठोकून बघितलं, नस कोपराशी दबत असेल म्हणाले. टेबलावर कोपर टेकून बसू नका, झोपताना हात दुमडू नका. मी हे सगळं कागदावर लिहून घरी आणलं. अक्कांनी ऐकलं आणि कागदच हिसकावला.

"मनी नणंदले काही व्हयेल नही! तिला आयुष्यात कधी काही झालं नाही, आता कशाला होईल? जा, नीट सांगून ये!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "डॉक्टर, करंगळी बरी झाली."

"एका रात्रीत?"

"हो. आता अंगठा, पहिलं, मधलं आणि चौथं अर्धं."

"अर्धं?"

"मधल्या बोटाकडची बाजू. शिवाय तेच चौथं सकाळी अडकतं. टक् करून उघडतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझं चौथं बोट मुळाशी दाबून दहा वेळा उघडमीट करून बघितलं. ते लोणी लावल्यासारखं चालत होतं. मग म्हणाले, "अंगठा मुठीत धरा. आता मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा."

मी वाकवली आणि असा ओरडलो की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून गेले.

"हं," डॉक्टर म्हणाले, "अंगठा तुमचा दिसतोय. अंगठ्याची दोरी मनगटापाशी ज्या नळीतून जाते ती सुजलीय. मोबाइल किती बघता?"

"कामापुरता."

ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आता सांगा, बाकीची बोटं कोणाची?"

मी सगळं सांगितलं. पंच्याच्या परीक्षेपासून खापराच्या फोडापर्यंत. फोडाचं ऐकल्यावर ते पुढे सरकले. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसलाय का, विचारलं. बसला होता, मी रोज बघत होतो आणि वय समजत होतो.

"मनगटात एक बोगदा असतो," ते म्हणाले. "त्यातून बोटांच्या दोऱ्या जातात आणि एक नस जाते. दोऱ्या सुजल्या की नस दबते. कन्नड घाटात एक ट्रक आडवा झाला की मागे जे होतं, तेच. सुरुवातीला रात्री पट्टा बांधून, फार तर एक इंजेक्शन देऊन भागतं. पण मांस बसायला लागलं, भाजलेलं कळेना, म्हणजे आता बोगदा मोकळा करावा लागेल. ऑपरेशन छोटं आहे. पण जितका उशीर तितकं कमी परत येतं. त्यांना घेऊन या."

"येणार नाहीत."

"मग तुम्ही या. त्यांना सोबत आणा."

मी घरी येऊन सांगितलं की माझ्या अंगठ्यात इंजेक्शन द्यायचंय, चक्कर येते म्हणे, डॉक्टरांनी माणूस बरोबर आणायला सांगितलंय. अक्का लगेच तयार झाल्या. मी रडतो का ते त्यांना बघायचं होतं.

त्यांची निराशा झाली नाही. सुई अंगठ्याच्या मुळाशी गेली आणि मी जो सूर लावला तो पांझरा नदीच्या पुलापलीकडे ऐकू गेला असेल.

"कसाले आरडस रे? बाळंत व्हई ऱ्हायना का तू?" अक्का खूश होऊन म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टरांनी आतून पाण्याची परात आणवली. तीत एक पंचा भिजत होता.

"अक्का, तुम्ही म्हणे पंचा पिळायला लावता. कसा पिळायचा, मलाही दाखवा."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर वैऱ्याच्याही वाट्याला न येवो. पण पंच्यापुढे माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पदर खोचला, पंचा उचलला, दात आवळले आणि पीळ घातला. चार थेंब पडले. पुन्हा पीळ घातला. एक पडला. त्यांनी पंचा डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी सावकाश पिळला. परातीत धार लागली. ती थांबेचना.

अक्का धार थांबेपर्यंत बघत होत्या. मग आपल्या तळहाताकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्याच घरी खोली मागायला आले असते, तर मी मला दिली नसती."

डॉक्टरांनी पंचा परातीत परत ठेवला.

"माले सुरतले जानं नही, दादा," त्या एकदम बारीक आवाजात म्हणाल्या. घाबरल्याची अहिराणी ती हीच.

आणि न हसणारे डॉक्टरही अहिराणीतच बोलले. "तुले कोन लई जास, अक्का? हात दखाड आते."

अक्कांनी हात पुढे केला.

नसेची तपासणी झाली. मशीनचे बारीक झटके लागून बोटं उडायची, ते त्यांना इतकं आवडलं की "डाव्यालाही लावा" म्हणाल्या. ऑपरेशन हात बधिर करून झालं. त्या टक्क जाग्या होत्या आणि पडद्याआडून सूचना देत होत्या : "दादा, हात उघडलाच आहे तर धाकट्या जावेचं अडणंही काढून टाक." तेही काढलं. संध्याकाळी घरी आलो. पहाटेच्या मुंग्या त्याच आठवड्यात थांबल्या. फोड आलेल्या बोटाला स्पर्श मात्र हळूहळू, रोज नखाएवढा परत येत होता. टक् कायमचं गेलं. गल्लीतल्या पोरांना वार्षिक परीक्षेत काही कौल मिळाला नाही आणि त्यातला एक नापास झाला. त्याचं खापर त्याच्या आईने अजून डॉक्टरांवर फोडलेलं आहे.

आखाजी आली तेव्हा अक्कांना जोराचं काम करायला अजून बंदीच होती. लेक आली, तळहातावरची खूण बघितली, आणि व्हायचं तेच झालं. "बॅग भर आई. तुला इथे एकटं ठेवायचं नाही."

"आधी आखाजी होऊ दे," अक्का म्हणाल्या. "मांड्यांशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही."

"करणार कोण?"

अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मोठी जाऊच ती.

माझ्या अंगठ्याचा पट्टा नुकताच सुटला होता. मी हात धुतले. पहिला मांडा माझ्या कोपरावरून घसरून मांडीवर आला. दुसरा खापरावर पोचला, पण त्याचा आकार यावल तालुक्याच्या नकाशासारखा होता, वरच्या अंगाला सातपुड्याच्या जागी भोक. अक्का पाटावर बसून अहिराणीत माझ्या तीन पिढ्यांची विचारपूस करत होत्या. शेवटी लेकीला राहवेना. "सरका," म्हणाली आणि तिने गोळा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या परातीला तिचा हात लागला.

अक्कांनी अडवलं नाही. जवळ सरकल्या आणि फिरत्या मांड्याला खालून करंगळी लावली. एकटी तीच कधी बधिर झाली नव्हती. "अजून ताण. अजून. थांब, बस्स! टाक!" बिनकामाची म्हणून जिला जन्मभर हिणवलं, त्या नणंदेनेच त्या वर्षीचे मांडे तारले.

आमरस खाता खाता लेकीने निकाल दिला. "ठीक आहे. पुढच्या आखाजीपर्यंत. तेव्हा मांडा तुझ्या हातचा झाला तर राहा इथे. नाही झाला तर सुरत."

"झाला तर तू दर वर्षी चार दिवस जास्त राहायचं," अक्कांनी लगेच सौदा केला.

दिवाळीनंतर माझी जळगावला परत बदली झाली. खोली रिकामी केली, सामान टेम्पोत चढलं, नमस्कार करायला गेलो तर अक्का अंगणात बादली घेऊन उभ्या. पंचा काढला आणि माझ्यासमोर पिळला. दात आवळून, मान तिरकी करून. बरंच पाणी पडलं. मग अभिमानाने माझ्या हातात दिला. "बघ, राहिलाय का थेंब?"

पंचा हाताला जड लागला. त्यात अजून पाणी होतं, चांगलं वाटीभर. मी त्याला पीळ दिला, पण नुसता दाखवण्यापुरता. मनगटात जोर येऊ दिला नाही. एक थेंब पडला नाही.

"काही नाही, अक्का. कोरडा ठक्क."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या मनगटाकडे बघत होत्या.

"इतके दिवस राहिलास आणि खोटं पिळायला शिकलास होय?" त्यांनी पंचा काढून घेतला आणि टेम्पोकडे हात केला. "जा. आखाजीला ये. तोवर खरा करून ठेवते."

आखाजी पुढच्या आठवड्यात आहे. घरात मी अक्कांची गोष्ट काढली की पोरं मोबाइल काढतात आणि बायको माझा अंगठा तपासते. काल संध्याकाळी अक्कांचा फोन आला. कसा आहेस नाही, मुलं कशी आहेत नाही. एकच सांगितलं आणि ठेवून दिला :

"येताना बाजारातून नवा पंचा घेऊन ये. जुना पिळून पिळून फाटला."